चाळिशीत पहिलं वाद्य शिकायचंय? दुकानात सगळ्यात शेवटी जा

आमच्या बेडरूममधल्या कपाटावर चार वर्षं एक सतार आडवी पडून होती. थेट मिरजेहून आणलेली. कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, येताना मिरजेत थांबलो, सतारमेकरांच्या दुकानात एका कारागिराने नुसती एकदा तरफांवरून, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांवरून, बोटं फिरवली आणि मी पर्स उघडली, इतकं सोपं झालं ते. वाद्यात काहीच खोट नव्हती, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. खोट माझ्या हिशोबात होती. घरी आणल्यावर कळलं की सतारीची बैठक माझ्या उजव्या गुडघ्याला दहा मिनिटांच्या वर झेपत नाही, शिकवणारे सर पार्ल्याला आणि मी डोंबिवलीला, आणि अठरा-वीस तारा जुळवता जुळवता माझा रियाजाचा अर्धा तास संपलेला असायचा. तिसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं तो भोपळा खाली काढ, भाजी तरी करू."

आता मी पेटी वाजवते, तिसरं वर्ष चालू आहे, आणि जे मी उलट क्रमाने केलं ते तुम्ही सरळ क्रमाने करावं म्हणून हे लिहितेय. लहान मुलांसाठी वाद्य निवडणं वेगळं, त्यांच्याकडे वेळ असतो आणि मागे लागायला आई असते. आपल्याकडे दोन्ही नाही.

पायरी १ : तुम्ही नकळत काय करता ते आठवडाभर बघा

"मला कुठलं वाद्य आवडतं" हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याचं उत्तर बहुतेकांचं बासरी नाहीतर गिटार येतं. त्यापेक्षा भाजी चिरताना, गाडी चालवताना तुमचं काय चालू असतं ते पकडा. तोंडात गाण्याचे शब्द असतील, अंतऱ्यासकट पाठ असतील, तर तुम्हाला गाण्याला साथ देणारं वाद्य लागणार, म्हणजे पेटी, गिटार, युकुलेली, कीबोर्ड. शब्द आठवत नाहीत पण बोटं स्टीअरिंगवर नाहीतर डब्यावर आपोआप चालतात, तर सरळ तबला-ढोलकीकडे जा. आणि काही लोकांना गाण्याच्या मधले म्युझिकचे तुकडेच लक्षात राहतात, दोन कडव्यांमधला बासरीचा किंवा व्हायोलिनचा पीस ते बरोब्बर गुणगुणतात, त्यांनी बासरीचा विचार करावा. मी अंतऱ्यावाली आहे. सतार घेण्याआधी हे कुणी विचारलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

पायरी २ : घर, शेजारी आणि वाद्याची जागा

हे कुणी सांगत नाही पण शिकणं इथेच अडतं. नोकरी करणाऱ्या माणसाला वेळ मिळतो सकाळी सहाला नाहीतर रात्री साडेनऊनंतर, आणि नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी झोपलेलं असतं. तबल्याचा आवाज भिंतीतून जातो आणि डग्ग्याचा घुमारा स्लॅबमधून खालच्या मजल्यावर. खाली जाड सतरंजी, त्यावर गादीचा तुकडा टाकला की बराच फरक पडतो, पण रात्री दहाला नाहीच. बासरीचे वरचे सूर कानात घुसतात, नवशिक्याचे तर फारच. पेटीचा आवाज भाता हळू घातला आणि एकच स्टॉप (पेटीची पुढची ओढायची खुंटी) उघडा ठेवला की बराच खाली येतो. गिटार-युकुलेली बंद दाराआड चालून जातात. कीबोर्डला हेडफोन लागतो, मग रात्री एकला वाजवा, कोण विचारतंय.

आणि जागा म्हणजे, वाद्य कायम बाहेर कुठे राहणार ते आधी ठरवा. रात्री पावणेदहाला दमलेला माणूस स्टूल आणून कपाटावरची केस खाली काढून चेन उघडून वाद्य जुळवून बसत नाही, हे मी लिहून देते. हॉलच्या कोपऱ्यात, हात लांबवला की हाताला लागेल असं राहू शकेल तेच वाद्य घ्या. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर तबला उघडा ठेवता येणार नाही, मांजराला ती पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, नखं घासायला फार आवडते.

पायरी ३ : शरीराची झडती

जमिनीवर मांडी घालून वीस मिनिटं बसून बघा, पाठ न टेकवता. जमलं तर पेटी, तबला, सतार सगळं खुलं. नाही जमलं तरी पेटी टेबलावर ठेवून खुर्चीत बसून वाजवता येते, तबल्याला स्टँड मिळतात, सतारीला मात्र पर्याय जवळजवळ नाही. मानेचं किंवा डाव्या खांद्याचं दुखणं असेल तर व्हायोलिन आणि मोठी बासरी डॉक्टरांना विचारूनच. बोटं लहान असतील तर काळजी करू नका, त्याचा बाऊ फार होतो; बासरी छोटी मिळते, युकुलेली तर आहेच छोटी.

पायरी ४ : आधी शिकवणारा, मग वाद्य

घरापासून किंवा स्टेशनपासून पंधरा मिनिटांत चालत जाता येईल असा कोण काय शिकवतो याची चौकशी करा आणि त्यातून निवडा. हे उलटं वाटेल, पण तुमच्या गल्लीत चांगला तबला शिकवणारे असतील आणि तुम्हाला तबला आणि पेटी दोन्ही सारखंच आवडत असेल तर तबलाच घ्या. चौकशी कुठे करायची? तुमच्या भागातलं भजनी मंडळ, देवळातला गुरुवारचा पेटीवाला, वाद्यं दुरुस्त करणारा माणूस. शेवटचा सगळ्यात खात्रीचा, कारण कुणाच्या क्लासची वाद्यं नीट ठेवलेली असतात ते त्याला माहीत असतं.

शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा. मोठ्या माणसांना वेगळं शिकवता का, की आठ वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये बसवणार? (मी बसलेय. एक मुलगी मला म्हणाली, काकू, तुमचा ग चुकला. चुकलाच होता.) आणि परीक्षा द्यायचा आग्रह आहे का? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद असं वर जातं. पुष्कळ क्लास त्याच अभ्यासक्रमाने चालतात. परीक्षा वाईट नाही, माझ्यासारख्या आळशी माणसाला तारीख लागते, पण तुम्हाला फक्त चार अभंग नि जुनी गाणी वाजवायची असतील तर ते आधीच स्पष्ट सांगा. बरेच जण "बघू, आधी सा रे ग म" म्हणतील, तेही बरोबरच आहे.

यूट्यूबवर शिकता येतं का? गिटार-युकुलेलीचं बऱ्यापैकी येतं. तबल्याचं नाही. 'ना' किनारीवर वाजतोय की भलतीकडेच हे व्हिडिओ तुम्हाला सांगू शकत नाही, आणि एकदा हात चुकीचा बसला की तो सोडवायला सहा महिने जातात.

पायरी ५ : पैसे घालवायच्या आधी हा प्रयोग करा

फोनवर पियानोचं कुठलंही फुकट अॅप घ्या, नाहीतर भाच्याचा जुना कॅसिओ काढा. काळ्या पट्ट्या बघा, दोन आणि तीन अशा गटात असतात. दोनच्या गटातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन, पुढच्या तीन म्हणजे काळी तीन, चार, पाच. पेटीवाले आणि गायक याच भाषेत बोलतात, "तुमचा सूर काय?" "काळी चार."

आता काळी तीनला सा धरा आणि तिथून वर फक्त काळ्या पट्ट्या वाजवत जा. तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातली एक, दोन, आणि परत तीन. सा रे ग प ध सां. हा भूप झाला, म्हणजे निदान भूपाचे सूर झाले, राग अजून लांब आहे. पांढऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही, त्यामुळे चुकायला जागाच नाही. वर जा, खाली या, मधेच ग वर थांबा, परत प वर उडी मारा. पाच मिनिटं.

मग त्याच काळ्या पट्ट्या, पण सा धरा काळी एकला. दुर्गाचे सूर. काळी पाचला सा धरलात तर मालकंसाचे. पट्ट्या त्याच पाच, फक्त घर बदललं, आणि अख्खा मूड बदलतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भाजी करपली होती.

हे करताना वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही तर तुम्ही पट्टीच्या वाद्याचे, पेटी नाहीतर कीबोर्ड. दोन मिनिटांत कंटाळा आला पण टेबलावर ताल धरावासा वाटला, तर तबला. आणि जर सारखं वाटत राहिलं की या सुरावरून त्या सुरावर घसरत जायला हवं, हे तुटक तुटक का वाजतंय, तर तुमचा कान मींड मागतोय, तुम्हाला बासरी किंवा तारेचं वाद्य हवं. पट्टीवर मींड निघत नाही. याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तेवढ्या काळात पेटी घराघरात, देवळात, नाटकात वाजतच होती ती गोष्ट वेगळी.

आता एकेक वाद्य, माझ्या पूर्वग्रहांसकट

पेटी. नवशिक्या मोठ्या माणसाला मी सगळ्यात आधी हीच सांगेन. कारण साधं आहे, पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो, पहिल्या दिवशीसुद्धा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. पहिले पंधरा दिवस सगळी गंमत भात्यातच असते, आपण सायकलला हवा भरल्यासारखं धसधस करतो आणि आवाज हिसके खात येतो. भाता निम्मा उघडायचा आणि तळहाताने, कणकेचा गोळा दाबतो तसा, संथ आत न्यायचा, उजव्या हाताची घाई डाव्याला कळू द्यायची नाही. माझ्या गुरूंनी मला पहिला आठवडा एकच सा धरायला लावला होता, एका भात्यात किती लांब टिकतो ते मोजत. वैताग आला होता खरा, पण भाता तिथेच बसला.

घेताना डबल सुरांची घ्या, एका पट्टीला खालचा आणि मधला असे दोन सूर वाजणारी, खर्ज-नर म्हणतात ती, साडेतीन सप्तकांची मिळते. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारा) आणि स्केल चेंजरच्या (पट्ट्या सरकवून सूर बदलणाऱ्या) नादी पहिल्या पेटीत लागू नका, वजन वाढतं, किंमत वाढते, आणि बिघडायला एक भाग जास्त. नवी बरी पेटी पंधरा ते पंचवीस हजारांच्या आसपास बसते, गावोगावी फरक पडतो.

तबला. दोन हात दोन वेगळ्या गोष्टी करतात, शिवाय तोंडाने बोल म्हणायचे, त्यामुळे ऑफिसचं डोकं पूर्ण बंद होतं, हा मोठा फायदा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी रिटायर झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी सुरू केला, दीड वर्षात ते भजनाला केरवा आणि दादरा व्यवस्थित धरतात. तीनतालाचा ठेका तर जेवायला बसल्यावर ताटाच्या कडेवर पण चालू असतो, काकू चिडतात. तोटा एकच, जुळवणं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पुडी उतरते, हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) ठोकून चढवावी लागते, आणि हे यायला वर्ष जातं. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा असतो, लोखंडी स्वस्त मिळतो, तो घेऊ नका, आवाज डब्यासारखा येतो.

बासरी. स्वस्त आहे, ऑफिसच्या बॅगेत मावते, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बासऱ्या ड्रॉवरमध्ये पडून असतात. पहिला आठवडा आवाजच येत नाही, नुसती हवा जाते, चक्कर येते. जत्रेतली रंगीत बासरी घेऊ नका, तिचे सूर लागलेले नसतात, मग तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. बनवणाऱ्याकडून सुरात लावलेली घ्या, काही शे रुपयांपासून मिळते. मोठे वादक वाजवतात ती जवळजवळ अडीच फुटांची लांब बासरी ऐकून भाळू नका, तिच्या भोकांवर नवशिक्याची बोटं पोचत नाहीत, मधल्या आकाराची घ्या. वरची तीन भोकं बंद केली की सा, तिथून सुरू. आणि बोटांच्या टोकाने नाही, पेराच्या मांसल भागाने भोक झाकायचं, जरा फट राहिली की सूर फाटतो.

गिटार आणि युकुलेली. गिटारच्या स्टीलच्या तारा पहिले तीन आठवडे डाव्या हाताच्या बोटांना कापतात, मग तिथे घट्टा पडतो आणि त्रास संपतो. तिथपर्यंत निम्मे लोक सोडतात, आणि उरलेले एफ कॉर्डला. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर दाबायला दुप्पट जोर लागतो, म्हणून घेतानाच दुकानदाराकडून अॅक्शन, म्हणजे तारांची ही उंची, खाली करून घ्या. युकुलेलीला चार नायलॉनच्या तारा, सी कॉर्ड एका बोटाचा, शेवटच्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका ठेवली की झाला. संध्याकाळपर्यंत दोन कॉर्डचं गाणं येतं. खेळणं म्हणून हसतात लोक, हसू देत. घ्यायची तर कॉन्सर्ट साइझ घ्या, त्याहून छोट्या सोप्रानोच्या पट्टीवर मोठ्या माणसाच्या बोटांची गर्दी होते.

कीबोर्ड. ६१ पट्ट्यांचा, टच सेन्सिटिव्ह (जोरात दाबलं की मोठा वाजणारा), एवढं पुरे. आत दोनशे ऱ्हिदम असतात, त्यांना महिनाभर हात लावू नका.

व्हायोलिनबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांना घ्यायचंच असतं ते कुणाचं ऐकत नाहीत. घरच्यांना मात्र आधी विश्वासात घ्या.

आणि एक वाद्य, ज्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही. पुण्यात असाल, आता ठाणे-डोंबिवलीतही, तर गणपतीआधी दोन-अडीच महिने ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात आणि नवीन लोकांना घेतात. ढोल बहुतेक पथकाचेच असतात. कमरेला ढोल बांधून तासभर उभं राहणं सोपं नाही, पण ताल अंगात भिनतो, आणि पुढे तबला शिकायला गेलात तर सर विचारतात आधी कुठे शिकलात का. कापूस मात्र कानात घाला, खरंच.

पायरी ६ : महिनाभर दुसऱ्याच्या वाद्यावर

एवढं सगळं ठरल्यावरसुद्धा लगेच घेऊ नका. पुष्कळ क्लासमध्ये तिथलंच वाद्य वापरायला देतात, काही दुकानं भाड्याने देतात. आणि माझ्या कपाटासारखी कपाटं प्रत्येक सोसायटीत आहेत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुणाकडे न वापरलेली पेटी आहे का" एवढं टाका. मला तीन मिळाल्या, एक तर डोहाळजेवणाला मिळालेल्या साड्यांच्या बॅगेमागे होती.

जुनी पेटी बघायला जाल तेव्हा एवढं करा. सगळे स्टॉप बंद करा, भाता पूर्ण भरा आणि सोडून द्या. तो हळूहळू, सावकाश बसायला हवा. भसकन बसला तर कुठून तरी हवा गळतेय. मग स्टॉप उघडा, एकाही पट्टीला हात न लावता भाता घाला. आपोआप एखादा सूर वाजत राहिला तर पट्टी अडकलीय. मग एकेक पट्टी, खालपासून वरपर्यंत, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, लांब धरून ऐका. डबल सुराच्या पेटीत दोन सूर एकजीव वाजले पाहिजेत, वांव-वांव-वांव अशी लाट ऐकू आली तर ट्युनिंग उतरलंय. ते करून घेता येतं, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. मी लाजले होते, तुम्ही लाजू नका.

जुना तबला घेताना शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, बोट फिरवा, भेगा मोठ्या असतील, टवके उडालेले असतील तर पुडी बदलावी लागणार. जुनी गिटार घेताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मान सरळ आहे का बघा. जुनी बासरी घेऊच नका, नवीच घ्या, तोंडाला लावायची असते.

पायरी ७ : पहिले तीन महिने

रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, मी करून बघितलंय, सोमवारी फक्त पाठ दुखते. वेळ ठरवण्यापेक्षा एखाद्या कामाला जोडा. माझं कुकरला जोडलंय, कुकर लावला की पेटी उघडायची, तीन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंत अलंकार. सारेग, रेगम, गमप. घरच्यांना पण सवय झालीय, उशीर झाला तर मुलगाच विचारतो, आज सारेगम नाही म्हणजे जेवायला उशीर का.

एक गाणं पहिल्याच महिन्यात सरांकडे मागून घ्या, कितीही साधं असो, आरती का असेना. अलंकारांनी हात तयार होतो पण पाहुण्यांसमोर कुणी अलंकार वाजवत नाही. फोनवर तंबोऱ्याचं अॅप लावून ठेवा, सगळा रियाज त्यावरच करा. आणि महिन्यातून एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग करा, ऐकू नका, नुसतं ठेवा. तीन महिन्यांनी पहिलं काढा.

सतारीचं काय झालं विचाराल. वरच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजात आहे, तिचे सर शेजारच्याच गल्लीत राहतात, आता सतार तिच्याकडे असते. मिरजेच्या त्याच कारागिराकडून तिने जवारी काढून, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवून, आणली. संध्याकाळी खिडकीतून आवाज येतो तेव्हा सासूबाई म्हणतात, भोपळा बरा वाजतो गं.

आणि पेटी घेतलीत तर जून लागायच्या आत तिची सोय करा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नका, नुसती सुती चादर घाला, प्लॅस्टिक नको, आणि उंदीर असतील तर जमिनीवर अजिबात नको. भात्याचं चामडं त्यांना फार आवडतं.